दाखल न केलेली पुस्तकं

मिहिरनं मला रविवारपर्यंतची मुदत दिली होती. मुदत हा माझा शब्द. तो म्हणाला होता, "आई, या रविवारी सांग, म्हणजे मला कागदपत्रांच्या मागे लागता येईल." मिहिर माझा एकुलता एक मुलगा. तो नेदरलँड्समध्ये असतो, आणि मी साताऱ्यातलं घर बंद करून कायमची त्याच्याकडे यावं असं त्याचं म्हणणं आहे. माझे यजमान अरविंद जाऊन सोळा महिने झाले. ते गेले तेव्हा मिहिरच्या तिथल्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं होतं. देश सोडला असता तर परत शिरता आलं नसतं. अग्नी पुतण्यानं दिला. मिहिर दीड महिन्यानं आला. कारण खरं होतं, मला पटलंही होतं, आणि तरी मी त्याला माफ केलं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याला तर नाहीच. रविवारी "नाही" म्हणायचं हे मनात जवळजवळ ठरलं होतं.

पण तेहतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली बाई मी. वाचल्याशिवाय काही ठरवायचं म्हणजे मला उपाशीपोटी गोळी घेतल्यासारखं वाटतं. सोमवारी सकाळी माझ्या जुन्या ग्रंथालयात गेले आणि परदेशाबद्दलचा फळीभर माल खाली उतरवला. निम्म्या पुस्तकांत तिकडचं सगळं सोन्याचं होतं, उरलेल्या निम्म्यांत तिकडची माणसं मनानं कंगाल होती. लिहिणारे सगळे मोठे लोक. परिषदेला गेलेले, हारतुरे घेऊन आलेले. माझ्यासारखी, मुलाच्या घरी जाऊन राहायचं की नाही या पेचात पडलेली बाई त्यांत कुठंच नव्हती.

मग मला मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट आठवलं. आपल्याकडे सेवानिवृत्त माणूस मुलाकडे किंवा नोकरीनिमित्त परदेशी जाऊन आला की पुस्तक लिहितो, स्वतःच छापतो आणि पंचाहत्तरीच्या कार्यक्रमात जेवणानंतर सगळ्यांना वाटतो. उरलेल्या प्रती ग्रंथालयांना भेट. अशा भेटी मी हसतमुखानं घ्यायची, आणि दाखल रजिस्टरात एकही नोंदवायची नाही. शुद्धलेखन बघायची, विमानाच्या पायरीवरचा फोटो बघायची आणि पुस्तक कपाटात टाकायची. त्या कपाटातून मी तीन पुस्तकं काढली, तिन्ही आमच्याच मुलखातल्या माणसांची. नव्या ग्रंथपालबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "न्या की मॅडम. ती आमच्याकडे आहेतच कुठं?" बरोबरच होतं त्यांचं.

दोन दिवसांत तिन्ही वाचली. तिन्हींमधली पश्चिम वेगवेगळी होती, पण प्रत्येकात काहीतरी सांगता सांगता गिळल्यासारखं वाटत राहिलं. शेवटच्या पानावर लेखकांचे पत्ते आणि फोन नंबर होते. मी तिघांनाही फोन केला आणि बुधवारी एक पिशवी घेऊन निघाले. विचारायचा प्रश्न एकच होता: पुस्तकात काय लिहिलं नाही?

कराड, बुधवार

उसाचा हंगाम चालू होता. हायवेवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामागे आमची बस गोगलगाय झालेली. कराडला उतरून आधी संगमावर गेले. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात, हे भूगोलात शिकलेलं असूनही दर वेळी नवल वाटतं. पाच मिनिटं बसले, तोंडावर पाणी मारलं आणि जगताप सरांच्या घराचा पत्ता शोधायला लागले.

सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर मुलांना लेथ मशीन शिकवलं. त्यांचं पुस्तक अमेरिकेवर, साडेतीन महिन्यांच्या मुक्कामावर. हॉर्न न वाजवणारी वाहनं, वेगवेगळ्या रंगांचे कचऱ्याचे डबे, एका वेळी वीस पुस्तकं देणारं ग्रंथालय, असं एकेक प्रकरण, आणि प्रत्येकाच्या शेवटी "आपल्याकडे हे कधी होणार?" हा सवाल. असे चौदा सवाल मी मोजले होते.

प्रश्न विचारल्यावर सर चष्मा पुसत बसले. उत्तर आतून आलं. काकू ताटं घेऊन येत होत्या.

"मी सांगते. सकाळी आठला ल्योक-सून कामाला जायची, सांजच्याला सहाला यायची. तवर ह्ये खिडकीत उभं. पोस्टाची गाडी यायची अकराच्या सुमाराला. त्यो गाडीवाला हात करायचा, ह्ये हात करायचं. झालं. दिसभरात तेवढंच बोलणं."

"अगं, त्यांना जेवू दे आधी," सर म्हणाले.

"जेवत जेवत ऐकतील की. आन एका दिवशी गाडीच आली न्हाई, तर ह्ये जेवलं न्हाईत."

अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी आणि चिरलेला कांदा. आमच्या घरच्या मसुराला ही चव कधी आली नाही, काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चटणी घरची हाय, बाकी काय न्हाई." सर मसुरात भाकरी कुस्करून जेवत होते. शेवटचा घास झाल्यावर बोलले.

"नाव विचारायचं धाडस करायला मला तीन महिने लागले, जोशीबाई. इंग्रजी येतं मला, वर्कशॉपचं येतं. माणसाला नाव विचारायचं येत नव्हतं. विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं."

"मग हे का नाही लिहिलं?"

"लोक म्हणाले असते, एवढा खर्च करून अमेरिकेला गेला आणि पोस्टमनची वाट बघत बसला." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "मुलाला वाईट वाटलं असतं."

मी सरांना हसायच्या तयारीनं आले होते, हे कबूल करते. चौदा सवालांवरून दोन-चार विनोदही जुळवून ठेवले होते. परतीच्या वाटेवर त्यातला एकही आठवला नाही. त्या रात्री कराडमध्ये भाचीकडे राहिले आणि तिच्या खिडकीतून रस्त्यावरची गाडी न् गाडी बघत बसले.

विश्रामबाग, गुरुवार

सांगलीतलं विश्रामबाग म्हणजे कॉलेजं, कार्यालयं, दवाखाने आणि मध्ये मध्ये झाडं असलेल्या शांत गल्ल्या. प्रमिला कांबळे यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली ताजी शेवंती आणि बशीत भडंग, म्हणजे इथले झणझणीत कुरमुरे. सांगलीत आलेल्या माणसाला भडंग खाल्ल्याशिवाय कुणी सोडत नाही. प्रमिलाबाई निवृत्त नर्स, आयर्लंडमध्ये अकरा वर्षं नोकरी करून आलेल्या.

मी बसायच्या आतच त्या म्हणाल्या, "आपण भेटलोय. साताऱ्याला माझी बहीण असते. पुस्तक द्यायला मी स्वतः तुमच्या ग्रंथालयात आले होते. चष्म्याची दोरी हीच होती. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'ठेवा तिथं.'"

मला ते आठवेना. पण मी तसंच म्हणाले असणार, कारण मी सगळ्यांनाच तसं म्हणायची. निदान मी स्वतःला असं सांगितलं. मग त्यांचं पुस्तक पिशवीतून काढलं, तर वर मोठ्या अक्षरात त्यांचं नाव. ते पुस्तक मी उघडून बघितलं होतं की नुसतं आडनाव वाचून कपाटात टाकलं होतं? उघडलंच होतं असं मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. मी माफी मागितली. त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली.

त्यांच्या पुस्तकातली पश्चिम मला सगळ्यात आवडली होती. त्यात त्या लिहितात, की पहिल्या दिवशी वॉर्डात नाव सांगितलं, कुणी पुढचं विचारलं नाही, आणि त्यांना पाठीवरून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखं वाटलं. मी विचारलं, "हे सगळं खरं?"

"शब्द न् शब्द खरा. जे लिहिलं नाही तेही खरं." त्या हसल्या. "तिसऱ्या वर्षी तिथल्या मराठी लोकांनी दिवाळीला बोलावलं. चकली माझ्या हातात, आणि एक बाई विचारतात, 'कांबळे म्हणजे नक्की कुठले हो?' सात समुद्र ओलांडून प्रश्न माझ्या आधी पोचला होता. हे मी लिहिलं नाही. म्हटलं, पुस्तक चांगल्या गोष्टींचं होऊ द्यावं."

नंतर त्यांनी चहा केला आणि कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. नर्स माणूस, समोरच्याला कुठं दुखतंय ते त्यांना न सांगता कळत असावं. मी मिहिरबद्दल सांगितलं, दीड महिन्याबद्दलही सांगितलं. आजवर जे कुणाशीच बोलले नव्हते ते एका अनोळखी बाईंना, तेही ज्यांचं पुस्तक मी कपाटात टाकलं होतं त्यांना, सांगताना माझा आवाज चढला. त्यांनी तो चढू दिला.

"शेवटची सहा वर्षं मी वृद्धाश्रमात होते," त्या म्हणाल्या. "आपण म्हणतो, तिकडची मुलं येत नाहीत. येतात हो. उशिरा येतात. आईबाप गेल्यावर धावत येऊन दारात उभी राहतात, आणि मला विचारतात, 'काही बोलले का?' मी सांगायची, 'तुमचं नाव घेतलं.' पुष्कळदा घेतलेलं नसायचं. पण उशिरा आलेल्या माणसाचा चेहरा मी इतका जवळून बघितलाय, जोशीबाई, की मला खरं सांगवत नसे. हेही पुस्तकात नाही."

मिहिर आला तेव्हा दारात कसा उभा होता ते मला आठवेना. मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. पाणी द्यायला म्हणून आत निघून गेले होते.

कवठे महांकाळ, शुक्रवार

सांगली स्टँडवर मी कंडक्टरला "एक कवठे" म्हटलं, त्यानं तिकीट दिलं, मी डोळे मिटले. जाग आली तेव्हा दोन्हीकडे हिरवागार ऊस. पूर्वेच्या कोरड्या मुलखात ऊस कुठून आला याचं मनातल्या मनात कौतुक करत होते, तोवर कळलं, की हे तासगाव रस्त्यावरचं कवठे एकंद. सांगली जिल्ह्यात कवठे एक नाही. "आवं, महांकाळ म्हणायचं न्हाई व्हय?" कंडक्टर म्हणाला, आणि त्यानंच पुढची बस कुठून धरायची ते सांगितलं. सगळा जन्म पुस्तकांवर पूर्ण नाव लिहा म्हणून विद्यार्थ्यांना ओरडले, आणि स्वतः अर्ध्या नावावर निघाले होते.

मिरज मागे पडल्यावर मुलूख बदलतो. माती फिकी होते, झाडं लांब लांब उभी राहतात, आणि मग अचानक द्राक्षांच्या बागा लागतात. फेब्रुवारीचं ऊन होतं. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर द्राक्षं सुकत घातलेली, बेदाण्यासाठी. कवठे महांकाळहून वडापनं गावात गेले. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. तिथं मला पुढची जागा मिळाली ती पिकल्या केसांमुळे.

हौसाबाईंचं वय त्यांनाच ठाऊक नाही. थोरला मुलगा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, धाकटा जर्मनीत इंजिनियर. धाकट्या सुनेच्या बाळंतपणाला त्या सहा महिने तिकडं राहून आल्या. लिहायला येत नाही. नातीनं मोबाइलवर बोलणं घेतलं आणि जसं होतं तसं छापलं. चाळीस पानांचं ते पुस्तक सुरू होतं ते असं: "तर मी इमानातनं उतारली आन बगती तर समदी मानसं गप." शुद्धलेखन बघून मी ते पहिल्या पानावरच मिटलं होतं. आता वाचलं तेव्हा वाटलं, त्या फळीभर पुस्तकांत इतकं नेमकं पहिलं वाक्य एकही नव्हतं.

अंगणात बाजेवर बसवून त्यांनी माझ्या हातात ताकाचा तांब्या दिला. मी माझा प्रश्न विचारला.

"लिवलं न्हाई ते? एकच हाय. पोरगं म्हनलं, आई ते नगं सांगू, मानसं हसतील."

"मी नाही हसणार."

"हसला तरी हसा. खालच्या मजल्यावर म्हातारा-म्हातारी ऱ्हात हुती. म्हातारा गेला. न्हेला बी कवा ते कळलं न्हाई. ना रडनं, ना मानूस. दोन दिस मी बगितलं, कोन येतंय का. कोन न्हाई. म्हनलं, हिच्या घरात चूल पेटली नसंल. मग मी गावाकडनं न्हेलेल्या पिठाच्या भाकरी केल्या, पिठलं केलं, डब्यात घातलं आन खाली जाऊन दार वाजीवलं."

आपल्याकडे कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात. त्याला कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत नाही. हौसाबाई ते जर्मनीत करून आल्या होत्या.

"ती काय म्हणाली?"

"तिची भाषा मला येत न्हाई, माजी तिला येत न्हाई. डब्याकडं बगितलं, माज्याकडं बगितलं, घेतला आन दार लावलं. सांजच्याला पोरगं माज्यावर लय चिडलं. म्हनलं, आसं न इचारता कुनाच्या दारात जात न्हाईत हितं. तिसऱ्या दिशी डबा आला. घासून पुसून लख्ख. पर रिकामा. पोरगं म्हनतंय, बग आई, ह्या लोकांना काय रीत न्हाई, रिकामा डबा दिला."

"मग?"

"म्या म्हनलं, येड्या, सुतकातल्या घरातनं भांडं भरून येतं व्हय कवा? रिकामंच येतंय. रीतीनं वागली की ती."

"पण तिला आपलं सुतक कुठं माहीत असणार?"

"नसंल. पर चुकली न्हाई न्हवं?" असं म्हणून त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला.

मी खरंच हसले नाही. ताक पीत राहिले. त्या माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत होत्या.

"तुमचं मालक कवा गेलं?"

सांगितलं. मुलगा तिकडं होता, येऊ शकला नाही, हेही सांगितलं. ते वाक्य मी सोळा महिने इतक्यांदा म्हटलं होतं, की आता ते तोंडातून आपोआप निघतं.

"मग तुमच्याकडं भाकरी कुनी आनली?"

"शेजाऱ्यांनी. तेरा दिवस डबे येत होते. खालच्या मजल्यावरच्यांनी, कॉलेजातल्यांनी, पुतण्याच्या सासरच्यांनी."

"आन पोराला?"

मी तांब्या खाली ठेवला. बाप त्याचाही गेला होता. सुतक त्यालाही होतं. तिथं त्याच्या एकट्याच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी काय झालं, त्यानं खाल्लं की नाही, हे मी आजतागायत विचारलं नव्हतं. तू का आला नाहीस, एवढं एकच मनात धरून मी बसले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला ते थांबवता येईना. हौसाबाईंनी समजूत घातली नाही. उठून आत गेल्या आणि किलोभर बेदाण्यांची पिशवी आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"घरचं हायती. न्हेऊन खावा. आन पोराला इचारा."

सातारा, रविवार

शनिवारी घरी आले. रविवारी दुपारी साडेतीनला, म्हणजे त्याची सकाळ, मिहिरचा व्हिडिओ कॉल आला. केस विस्कटलेले, हातात कॉफी. बापासारखाच बसतो, एक खांदा उतरता ठेवून.

"मग आई? काय ठरलं?"

"आधी मला एक सांग," मी म्हटलं. "बाबा गेले त्या दिवशी तू काय खाल्लंस?"

त्याचा कॉफीचा हात हवेतच राहिला. कॉल तुटला की काय म्हणून मी फोन हलवला.

"हे आज का विचारतेस?"

"तेव्हा विचारलं नाही म्हणून."

त्यानं कॉफी खाली ठेवली. "वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. माझी त्यांची ओळख नव्हती. त्यांनी मला रडताना ऐकलं असावं, छत पातळ आहे. संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी पातेलं, आणि आजोबा जिना चढून परत निघालेले. सूप होतं. दोन दिवस मी तेच खाल्लं."

"मग त्यांचे आभार मानलेस की नाही?"

"गेलोच नाही."

"का रे?"

"पातेलं अजून माझ्याकडेच आहे." तो उठला, फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला. मांडणीवर, चहाच्या डब्यांच्या मागं, निळ्या एनॅमलचं एक छोटं पातेलं होतं, झाकणासकट, स्वच्छ घासलेलं. "दर आठवड्याला ठरवतो. मग वाटतं, रिकामं कसं न्यायचं? तूच नाही का, लहानपणी शेजारी पाठवताना वाटीत साखर तरी घालायचीस. आणि घालू काय ते सुचत नाही. सोळा महिने झाले, आता तर जायलाच लाज वाटते."

एका पातेल्यापायी माझा मुलगा सोळा महिने जिन्यात त्या माणसाची नजर चुकवत होता. त्याला मी रीत शिकवली होती, तेवढीच अर्धी. सुतकाची उरलेली अर्धी सांगायची राहून गेली होती, कारण ती सांगायची वेळ आली तेव्हा मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते.

"सुपाचं पातेलं रिकामंच परत जातं, मिहिर," मी म्हटलं. "त्या दिवसांत कुणी भरून पाठवत नाही. तू काही चुकला नाहीस."

त्यानं मान खाली घातली. मला नुसते त्याचे विस्कटलेले केस दिसत होते. तेव्हा तो दारात उभा असताना जे मी बघितलं नव्हतं, ते मी आता बघत बसले.

"पण आता सुतक संपलंय," मग मी म्हटलं. "आता भरून द्यायला हरकत नाही. माझ्याकडे बेदाणे आहेत. ते पातेलं जरा जवळ धर, किती बसतील ते बघू दे."

त्यानं झाकण काढून पातेलं कॅमेऱ्यासमोर धरलं. अर्धा किलो सहज बसतील.

"तू येतेस?" त्यानं विचारलं. "कायमची?"

"ते तिथं येऊन सांगेन. तोवर तू एकटा वर जाऊ नकोस. आपण दोघं मिळून देऊ."